हर्णै: काळा दगड, तांबडा दगड

शनिवार, रात्री

सकाळी होडीने सुवर्णदुर्गावर जाऊन आलो. १७५५ साली पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या इंग्रज कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, एवढंच ठाऊक होतं. प्रत्यक्षात नजर खिळली ती तटाच्या बुडाशी. काही ठिकाणी बेटाचाच कातळ तासून तट केलाय, बेट कुठे संपतं आणि किल्ला कुठे सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येत नाही.

हा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जमिनीच्या लांबलचक भेगांतून तो थरांवर थर वाहत आला, त्यामुळे चित्रातल्यासारखा ज्वालामुखीचा धुरकट शंकू शोधणाऱ्याच्या हाती इथे काही लागत नाही. दिसतात ती भोकं, वायूच्या बुडबुड्यांची, काहींत पांढरी गारगोटी बसलेली.

दुपारी आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीला. तिथे पायाखाली तांबडा जांभा. तोही मूळचा काळा कातळच. युगानुयुगांच्या पावसाने त्यातली सिलिका धुवून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. खाणीत मऊ असतो म्हणून चिरे पाडता येतात, हवा लागली की टणक होतो. आता लोक सिमेंटचे ब्लॉक वापरतात. मला ते बघवत नाही, पण घर मला बांधायचं नाही, तेव्हा गप्प बसलेलं बरं.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव. सुरमई, पापलेट, म्हाकूल, कोळंबी, सगळ्याचे ढीग वाळूवर. बोली बोलणाऱ्याची भाषा अर्धी कळते, भाव पुरता कळतो. मोठ्या होड्या बाहेर नांगरून ठेवायच्या, मासळी लहान होडीतून आणि मग पाण्यात उतरवलेल्या बैलगाडीतून काठावर आणायची, अशी इथली वर्षानुवर्षांची रीत. या कातळाने किल्ल्याला पाया दिला, होड्यांना आसरा काही दिला नाही. वादळाचा इशारा आला की त्यांना आंजर्ल्याची खाडी गाठावी लागते.

"मावशी, कोळंबीचा वाटा कसा?" विचारलं आणि सांगितला तो भाव दिला. घासाघीस केली असती तरी मीच हरलो असतो.

उद्या उन्हवऱ्याचे गरम झरे. खोलीचे मालक म्हणाले, "खाली ज्वालामुखी धुमसतोय अजून." तसं नाही. तो लाव्हा केव्हाच थंड झाला; पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापून वर येतं. हे त्यांना जेवताना सांगितलं. "असेल," म्हणाले, आणि सोलकढी वाढली.