सडकेचे बिल सभेत मंजूर होते तेव्हा

सरपंचताईंचा फोन आला तेव्हा येथे इंडियानात सकाळचे नऊ वाजले होते आणि गावाकडे दिवेलागण झाली होती. प्रकृतीची विचारपूस झाली, पऱ्हाटीला बोंडे कशी लागली आहेत ते बोलून झाले, आणि मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "सचिवसाहेब, तिकडं सडकेचं बिल निघते कसं, ते जरा लिहून धाडा न जी. आमाले बी समजू द्या." यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा आणि दिग्रस तालुक्यांतील गावांत आधी ग्रामसेवक आणि पुढे ग्रामविकास अधिकारी म्हणून माझी उभी नोकरी झाली. तेथील लोक अजूनही मला सचिवच म्हणतात. लेकीकडे सहा महिने राहायला आल्यापासून मी या शहराच्या एका मंडळाच्या सभांना नियमाने जाऊन बसतो, हे ताईंना ठाऊक होते. त्या सभांत जे पाहिले ते त्यांच्यासाठी आणि गावाकडच्या इतर वाचकांसाठी येथे लिहीत आहे.

या मंडळाचे नाव 'बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्स अँड सेफ्टी', म्हणजे सार्वजनिक बांधकाम आणि सुरक्षा मंडळ. इंडियाना राज्याच्या कायद्यानेच शहरांना हे मंडळ दिलेले आहे. लोकांनी निवडून दिलेली नगरपरिषद वेगळी असते, ती अंदाजपत्रक मंजूर करते आणि स्थानिक नियम बनवते. त्या पैशातून प्रत्यक्ष सडक करणे, गटारांची देखभाल करणे, करारावर सही करणे, पोलीस आणि अग्निशमन दलात माणूस नेमणे, ही रोजची कामे या मंडळाकडे येतात. आमच्या शहरात त्याचे तीन सदस्य आहेत आणि महापौर अध्यक्षस्थानी बसतात. आपल्याकडे पोलीस राज्य शासनाच्या गृहखात्याचे असतात आणि गावात १९६७ च्या कायद्याखाली नेमलेला पोलीस पाटील असतो, त्यामुळे सडक आणि पोलीस हे दोन विषय एकाच टेबलावर यावेत याचे मला पहिल्या दिवशी फार नवल वाटले. येथे शहराचे पोलीस दल शहराचेच असते, त्याचा पगारही शहरच देते, हे कळल्यावर ती मांडणी लक्षात आली.

सभेची सूचना कार्यालयाच्या काचेच्या दारावर आतून चिकटवलेली असते. येथील उघड्या सभांच्या कायद्याप्रमाणे ती किमान ४८ तास आधी लागली पाहिजे, आणि त्या ४८ तासांत शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरायच्या नाहीत. आपल्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि वर दवंडीही होते, म्हणजे मुदतीच्या बाबतीत आपला कायदा यांच्यापेक्षा उदार आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो. सभागृह साधेच आहे. पुढे सदस्यांचे लांब टेबल, बाजूला इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई, समोर चाळीसएक खुर्च्या. दाराजवळ विषयपत्रिकेच्या प्रतींचा गठ्ठा ठेवलेला असतो आणि त्यातील प्रत कोणीही उचलावी, कोणी विचारत नाही. पहिल्या सभेला मी सवयीने हजेरीपट शोधू लागलो, तेव्हा लेक हळूच म्हणाली, "बाबा, सही नाही करावी लागत. बसा."

मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे हा पहिला विषय, तो आपल्यासारखाच. त्यानंतर देयकांची यादी येते. कोणत्या दुकानाला, कोणत्या वस्तूसाठी, किती रक्कम द्यायची आहे, याची ओळीने मांडलेली ती यादी असते. माल ज्या खात्याने घेतला त्या खात्याच्या अधिकाऱ्याने माल मिळाल्याचे लिहून दिलेले असते, वित्त अधिकाऱ्याने बिल तपासून ते खरे आणि बरोबर असल्याचे प्रमाणपत्र जोडलेले असते, आणि त्यानंतरच मंडळ ते मंजूर करते. एका सभेत एका सदस्याने बर्फावर टाकण्याच्या मिठाच्या बिलावर बोट ठेवून विचारले की हे मीठ मागील हिवाळ्यातील की येत्या हिवाळ्यासाठी साठवलेले. सडक विभागाचा माणूस उठला, कागद पाहिला, येत्या हिवाळ्यासाठीचे म्हणून सांगितले आणि बसला. त्याला अर्धे मिनिटही लागले नाही, पण तो प्रश्न आणि ते उत्तर दोन्ही इतिवृत्तात गेले. ग्रामनिधीच्या खर्चाचा तपशील आपल्याकडेही मासिक सभेपुढे ठेवायचा असतो, ग्रामपंचायतीच्या नोंदींच्या ठरावीक नमुन्यांच्या वह्याही आपल्याकडे १ ते ३३ आहेत, आणि त्यांतील एकही निरुपयोगी नाही. खर्चास मंजुरी देण्यात येते एवढे एक वाक्य लिहून मी कितीतरी सभा उरकल्या आहेत, ते मला त्या मिठाच्या ओळीवरून आठवले.

मला सर्वांत अधिक शिकायला मिळाले ते निविदा उघडण्याच्या दिवशी. काही गल्ल्यांच्या डांबरीकरणाचे काम होते. जाहिरात आधी वर्तमानपत्रात येऊन गेली होती. ठरलेल्या मिनिटाला घड्याळाकडे पाहून अध्यक्षांनी मुदत संपल्याचे सांगितले आणि चार बंद लिफाफे टेबलावर आले. शहराच्या अभियंत्याने प्रत्येक लिफाफा उचलून त्यावरील आल्याची वेळ वाचली, मग लाकडी मुठीच्या सुरीने त्याची कड सरळ कापली. आत काय काय आहे ते तो मोठ्याने सांगत गेला. बयाणा रकमेची हमी आहे, इतर निविदाधारकांशी संगनमत केलेले नसल्याचे शपथपत्र आहे, सही आहे. शेवटी रक्कम, तीही दोनदा, सावकाश. चारही ठेकेदारांची माणसे मागे खुर्च्यांवर वह्या घेऊन बसली होती आणि प्रत्येकजण इतरांचे आकडे उतरवून घेत होता. त्या दिवशी काम कोणालाच दिले नाही. अभियंत्याने हिशेब तपासून शिफारस करावी म्हणून विषय पुढील सभेपर्यंत ठेवला. कायदा असा की काम सर्वांत कमी दराच्या, पण जबाबदार आणि अटी पूर्ण करणाऱ्या ठेकेदाराला द्यायचे, आणि कमी दरवाल्याला डावलायचे असेल तर त्याची कारणे इतिवृत्तात लिहायची. मोठ्या कामांत ठेकेदाराला आणखी एक हमीपत्र द्यावे लागते, ज्यामुळे त्याने मजुरांची मजुरी किंवा गिट्टी-डांबराचे पैसे थकवले तर ते त्या हमीतून मिळू शकतात. मजुरीसाठी दोन-दोन हंगाम ठेकेदाराच्या दारी खेटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटली.

कोणती गल्ली आधी करायची, हेही येथे कोणाच्या शब्दावर अवलंबून ठेवलेले नाही. प्रत्येक सडकेला १ ते १० असे गुण दिलेले असतात, १ म्हणजे पूर्ण खराब आणि १० म्हणजे नवी. हे काम डोळ्यांनी भेगा, खड्डे, कडा पाहून करतात आणि त्याची यादी ठेवतात. २०१६ मध्ये राज्याने 'कम्युनिटी क्रॉसिंग्ज' नावाची अनुदान योजना सुरू केली, तिचा अर्ज करायचा तर अशी यादी आणि देखभालीचा आराखडा शहराकडे असावाच लागतो. दहा हजारांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना खर्चाचा अर्धा वाटा स्वतः घालावा लागतो आणि त्याहून लहान गावांना चौथा हिस्सा. लहान गावाची ऐपत कमी असते हे मान्य करून त्याचा वाटा कमी ठेवलेला आहे. येथे सडका मोडण्याचे कारण थंडी आहे. भेगेत पाणी शिरते, गोठून फुगते, भेग रुंदावते, पुन्हा वितळते, पुन्हा गोठते, आणि वसंतात खड्डे उघडे पडतात. आपल्याकडे हेच काम काळी माती करते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि वर टाकलेली खडी-मुरुमाची पांदण दोन पावसाळ्यांत बसते. दोन्हीकडे शत्रू पाणीच आहे, म्हणूनच येथील अभियंता सडकेइतकाच वेळ कडेच्या पाणीनिचऱ्यावर बोलतो.

काम सुरू झाल्यावर वाढीव खर्चाचे प्रस्ताव येतात. डांबर उकरल्यावर खाली जुना फुटका नळ सापडला, अशी खरी कारणेही असतात. पण प्रत्येक वाढ मंडळापुढे यावी लागते, आणि काम वाढवणाऱ्या अशा सर्व बदलांची एकूण रक्कम मूळ कराराच्या २० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. बिलातील काही रक्कम राखून ठेवतात आणि मोठ्या कामांत ती काम बहुतांश पूर्ण झाल्यापासून ६१ दिवसांनंतर सोडतात, तीही कोणाची देणी थकलेली नसतील तर.

हे ऐकत असताना मला एक नाली आठवत होती. गावाचे नाव लिहीत नाही. वस्तीतून जाणारी ती सिमेंट काँक्रीटची नाली अंदाजपत्रकात चार इंच जाडीच्या तळाची होती. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे अभियंता ज्यात लिहितो त्या वहीत, चार इंच लिहिले गेले, बिल निघाले, चेकवर सरपंचांची आणि माझी अशा दोन सह्या झाल्या. पहिल्याच पावसाळ्यात तळ उखडला आणि एका घराच्या भिंतीत पाणी मुरले. उखडलेला तुकडा त्या घरच्या म्हातारीने कार्यालयात आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी पट्टीने मोजला, तो अडीच इंचही भरला नाही. बिल मंजूर झाले त्या सभेत जाडीचा आकडा कोणी वाचला नव्हता, मीही नाही. तो तुकडा पुढे कितीतरी दिवस माझ्या कपाटावर होता.

सुरक्षेच्या विषयांत एकदा नव्या पोलीस शिपायाची शपथ झाली. पंचविशीचा मुलगा होता, हात वर करून वाक्ये म्हणताना आवाज कापत होता. शपथ झाल्यावर त्याच्या आईने त्याच्या छातीवर बिल्ला लावला, टाचणी लवकर लागेना म्हणून अध्यक्षांनी पुढचा विषय थांबवून ठेवला. हा मुलगा यानंतर प्लेनफिल्ड येथील राज्याच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षणाला जाणार होता. त्याच सभेत मिरवणुकीसाठी एक रस्ता चार तास बंद ठेवण्याचा अर्ज आला होता. अर्जदार बाईंनी नकाशा दाखवला, आणि अग्निशमन प्रमुखांनी एकच गोष्ट विचारली की मधल्या घराला आग लागली तर बंब कोणत्या बाजूने आत येईल. बाईंनी अडथळे कोण हटवेल त्या माणसाचे नाव अर्जावर लिहून दिल्यावर परवानगी मिळाली. पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात तेव्हा आपल्या गावची मुख्य सडक संध्याकाळभर बंद असते, आणि ती तशी असावीच. पण त्या वेळी एखादी बाळंतीण दवाखान्यात न्यायची असेल तर गाडी कोणत्या गल्लीतून काढायची, हे आधी ठरवून ठेवायला काय हरकत आहे, असे मला तेव्हापासून वाटते.

बाकी किरकोळ विषय पुष्कळ असतात. अंगणातील गवत फार वाढवल्याची नोटीस, नळ गळाल्यामुळे आलेले गटाराचे जास्तीचे बिल कमी करण्याची विनंती, खड्ड्यात चाक फुटल्याची नुकसानभरपाई. या शेवटच्यासाठी १८० दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते. गवताची नोटीस ऐकताना मला आपल्या शाळेमागचे गाजरगवत डोळ्यांपुढे आले.

एक गोष्ट मात्र मला येथे खटकते, आणि ती लिहिली नाही तर चित्र अपुरे राहील. त्या चाळीस खुर्च्यांवर बहुतेक वेळा मी, लेक आणि ज्यांचे काम आहे अशी चार माणसे, एवढेच असतात. सर्व काही उघड आहे, पण पाहायला कोणी येत नाही. आपल्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात, ती जमली नाहीत तर सभा तहकूब करावी लागते. पाणी, घरकुल, शेताचा धुरा यांवर लोक हमरीतुमरीवर येतात, पण येतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा गावाने तर सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालवली, आणि २००९ मध्ये जंगलावरील सामूहिक हक्क मिळवले ते त्याच सभेच्या बळावर. म्हणून ताईंना मी फोनवर स्पष्ट सांगितले की माणसे जमवण्याची रीत येथून घेण्यासारखी नाही, ती आपलीच चांगली आहे. घ्यायचे ते एवढेच, की बिल मंजूर करण्याआधी त्यातील मापे जमलेल्या माणसांसमोर मोठ्याने वाचायची.

गावात येत्या महिन्यात शाळेपासून विहिरीपर्यंत नवीन नाली होणार आहे. ताईंनी विचारले की मोजमाप पुस्तिका सभेत आणता येते काय. मी सांगितले की मूळ पुस्तिका अभियंत्याकडेच राहते, पण तिच्या नोंदींची सहीची प्रत मागता येते, आणि लांबी, रुंदी, तळाची जाडी, भिंतीची जाडी असे चार आकडे त्या प्रतीवरून मासिक सभेत वाचून मगच ठराव लिहावा, सूचक आणि अनुमोदक यांची नावे त्याखाली घ्यावीत. काँक्रीट ओले असताना शाळेची पट्टी घालून तीन ठिकाणी जाडी मोजावी आणि मोजताना त्या गल्लीतील दोन बायांना उभे करावे, हेही लिहून पाठवले. काल रात्री त्यांचा निरोप आला की पंचायत समितीला प्रतीसाठी पत्र दिले आहे आणि पोच घेतली आहे.