आइस मशिन, नोंद तिसरी: पंपाने दोन रविवार घेतले

मंडळी, गेल्या नोंदीत कॉम्प्रेसर सुरू झाला आणि थंडावा धरू लागला, इथवर आलो होतो. बंद पडलेल्या ज्यूस सेंटरमधून आणलेलं हे मशिन, उभ्या प्लेटवर बर्फाचे चौकोनी खडे करणारं. बर्फ धरला खरा, पण प्लेटच्या उजव्या अंगालाच. डावीकडे पातळ पापुद्रा, आणि तोही दुधाळ.

दुधाळ बर्फ दिसला की मी आधी पाण्याची धार बघतो. या मशिनमध्ये खालच्या टाकीतलं पाणी पंप वर चढवतो. तिथे भोकं पाडलेल्या आडव्या नळीतून ते प्लेटवर पडद्यासारखं उतरतं. वाहत्या पाण्यातलं निव्वळ पाणी आधी गोठतं, हवा आणि क्षार वाहून खाली जातात, म्हणून खडा काचेसारखा होतो. धार मंदावली की हवा आणि क्षार बर्फातच अडकतात.

समोरचं झाकण काढलं तर डाव्या बाजूची सात भोकं क्षारानं बुजलेली. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे नवल वाटलं नाही. प्लेटवर निकेलचा मुलामा असतो, म्हणून निकेलला चालणारंच क्लीनर वापरलं. (तेही अ‍ॅसिडच. त्यात ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.) नळी साफ झाली, धार दोन्हीकडे सारखी पडू लागली, पण जोर नव्हताच.

मग पंप. फ्रीझ (बर्फ धरण्याचा टप्पा) चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर २२८ व्होल्ट मिळाले, म्हणजे मशिन चालवणारा कंट्रोल बोर्ड आपलं काम करत होता. प्लग काढून वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तपासलं, शाबूत. मग शाफ्ट हातानं फिरवून पाहिला आणि दुखणं तिथेच सापडलं. चांगला शाफ्ट बोटाच्या टिचकीनं गरगर फिरतो. हा अर्ध्या फेरीत अडायचा, करकर करायचा, आणि बाजूला ढकलला की हलायचा. मोटर वर आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) खाली पाण्यात, अशी याची उभी रचना. खालचा बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) झिजल्यामुळे इम्पेलर पंपाच्या कवचाला घासत होता. त्याच्या तीन पात्यांच्या कडा एका बाजूनं घासून चकचकीत झाल्या होत्या. बुश बदलून चालेल का, याचा विचार केला. पण शाफ्टवरही चरा पडला होता. पंपच बदलायचं ठरवलं.

इथे माझा एक रविवार गेला, म्हणून सविस्तर लिहितो. दुकानदाराने दिलेला पंप मापाला तंतोतंत बसला, २३० व्होल्टचाच होता. बसवला, तर पाणी वरच्या नळीपर्यंत जेमतेम पोचलं आणि मोटर अर्ध्या तासात हात लावू नये इतकी तापली. मग नेमप्लेटवर विजेची फ्रिक्वेन्सी नीट वाचली: ६० हर्ट्‌झ! आपल्याकडे ५० हर्ट्‌झ. दोन पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) अशा मोटरचा मूळ वेग ६० वर मिनिटाला ३६०० फेरे, ५० वर ३०००. पाणी वर चढवायचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे सुमारे ७० टक्केच उरतो. शिवाय कमी फ्रिक्वेन्सीला तेवढंच व्होल्टेज दिलं की कॉइल जास्त करंट ओढते, म्हणून तापणं. पंप घेताना व्होल्टेज बघतोच आपण, हर्ट्‌झही बघा. हे मनापासून सांगतोय.

५० हर्ट्‌झवाला पंप या रविवारी बसवला. नळीचं रबर जुनं, कडक झालेलं, तेही बदललं आणि क्लॅम्प नवा घातला. वायर टर्मिनलमध्ये वरून न जाता खालून वळण घेऊन जाईल अशी बांधली, म्हणजे ओघळलेलं पाणी वळणावरूनच खाली ठिबकेल. टाकीच्या तळाशी जमलेला पांढरा चोथा ब्रशने काढला. नव्या इम्पेलरच्या तोंडाशी तोच गेला असता.

पहिला घाणा फेकून दिला, क्लीनरचा अंश असतो. दुसरा फेकला नाही. प्लेट गरम वायूने तापली, बर्फ सैल होऊन अख्खा एकसंध खाली आला, आणि खडे हातात धरून खिडकीकडे बघितले तर पलीकडचे गज स्वच्छ दिसत होते. खड्यांना जोडणारा पापुद्रा साधारण ३ मिलिमीटर हवा, माझा ५ भरतोय. पुढच्या रविवारी जाडी मोजणारा प्रोब आणि पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह बघायचा आहे. फ्लोटमधून फ्रीझच्या मध्येच पाण्याचा बारीक आवाज येतोय.