ठोकळ्याच्या पोटातली जागा

लेगोचा दोन बाय चारचा, म्हणजे वर चार-चार उंचवट्यांच्या दोन ओळी असलेला, ठोकळा उलटा केला, की आत बरीच जागा मोकळी दिसते आणि ती दिसताच लहान मुलांना तिथे काहीतरी दडवावेसे वाटते. माझ्या भाचीने त्या पोकळीत आजवर मोहरी, काळे मणी, साबुदाणा आणि आजीच्या कानातल्याची फिरकी एवढ्या गोष्टी लपवल्या आहेत. ठोकळा आतून पोकळच आहे, तर त्याला खालून झाकण का दिले नाही, हा तिचा प्रश्न मला रास्त वाटला. साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षे काढल्यामुळे त्याचे उत्तर ठाऊक होते, पण त्या निमित्ताने वस्तू ठेवता येणाऱ्या ठोकळ्यांचा सगळा प्रकारच एकदा नीट पाहावा असे मनात आले. उत्तर थोडक्यात असे, की ती जागा रिकामी दिसत असली तरी ती कामात आहे.

डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी आणि घरगुती वस्तू बनवण्याचा जो उद्योग सुरू केला, त्याच लेगो कंपनीने १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे पहिले जोडठोकळे बाजारात आणले. त्यांचा मूळ नमुना हिलरी पेज या इंग्रज खेळणीकाराच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांचा होता. या पहिल्या ठोकळ्यांच्या पोटात काहीच नव्हते. वर उंचवटे, चार बाजूंना भिंती आणि आत संपूर्ण पोकळी, अशी ती साधी रचना होती. आत वस्तू ठेवण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्याइतका सोयीचा ठोकळा त्या कंपनीने पुन्हा बनवला नाही, असे म्हणता येईल. अडचण अशी होती की हे ठोकळे एकमेकांना घट्ट धरत नसत. खालच्या ठोकळ्याचे उंचवटे फक्त वरच्या ठोकळ्याच्या भिंतींना घासत, त्यामुळे ठोकळा अर्धवट सरकवून बसवला की पकड सैल पडे आणि उभी केलेली भिंत उचलताना हातात सुटून येई.

ओले कर्क यांचा मुलगा गोडफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात या दुखण्यावर उपाय होता. ठोकळ्याच्या पोटात नळ्या घातल्या गेल्या. दोन बाय चारच्या ठोकळ्यात अशा तीन नळ्या असतात आणि खालून येणारा प्रत्येक उंचवटा एकीकडे भिंत व दुसरीकडे नळी यांच्यामध्ये दाबला जातो. तेव्हापासून आजपर्यंत मापे इतकी कायम ठेवली आहेत, की १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. पोकळीचा काही भाग गेला आणि त्या बदल्यात पकड आली, असा हा व्यवहार आहे. तळाला झाकण लावले तर खालचे उंचवटे आत शिरणारच नाहीत, म्हणजे तो ठोकळा फक्त सर्वांत वर ठेवण्याच्या लायकीचा उरेल.

मग ठोकळा भरीवच का केला नाही, असेही कोणी विचारील. याचे कारण साच्यात आहे. सुमारे २३० अंश सेल्सियसला वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरले जाते आणि थंड होताना ते आकसते. भिंत सगळीकडे पातळ आणि सारख्या जाडीची असेल तर ते सारखे आकसते, पण जाड भाग बाहेरून आधी गोठतो, आतून उशिरा गोठतो आणि पृष्ठभागावर खड्डा पडतो, ज्याला कारखान्यात ‘सिंक मार्क’ म्हणतात. शिवाय जाड तुकडा थंड व्हायला वेळ लागतो आणि साच्याचा प्रत्येक सेकंद पैशात मोजला जातो. तेव्हा पोकळी ही उत्पादनाची गरज होती आणि नळ्यांनी तिला पकडीच्या कामाला लावले. काहीतरी साठवावे हा विचार त्यात कुठेच नव्हता.

तरीही त्या पोकळीत किती मावते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. दोन उंचवट्यांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते, तर दोन बाय चारचा ठोकळा ३१.८ बाय १५.८ मिलिमीटर भरतो. भिंतींची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास धरली आणि नळ्यांनी व खालून शिरणाऱ्या उंचवट्यांनी अडवलेली जागा वजा केली, तर हाती अडीच घन सेंटीमीटरच्या आगेमागे जागा लागते, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. तीही सलग नाही. नळी आणि भिंत यांच्यातल्या चिंचोळ्या फटीची रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर असते. तिथे सुई मावते, मणी मावतात, नाकातली चमकी मावते. मायक्रो एसडी कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचे असते आणि पोकळीची खोली त्याच्या ११ मिलिमीटरच्या बाजूपेक्षाही कमी, त्यामुळे ते उभे बसत नाही, आणि आडवे ठेवायला नळ्या आड येतात. काही हौशी लोक या नळ्या कापून काढतात आणि आत पेन ड्राइव्हचे सर्किट बसवतात. दिसायला ते गमतीचे दिसते, पण नळ्या कापलेला ठोकळा १९४९ च्या ठोकळ्यासारखा वागू लागतो.

लेगोने स्वतः साठवणीसाठी जे वेगळे तुकडे काढले, त्यांत माझ्या मते सर्वांत हुशारीचा तुकडा म्हणजे १९८९ मध्ये समुद्री चाच्यांच्या संचांबरोबर आलेली खजिन्याची पेटी. तिचे झाकण बिजागरीवर उघडते, आत सोन्याची नाणी राहतात आणि तरीही ती खालच्या उंचवट्यांवर नीट बसते, कारण पेटीच्या आतली जागा आणि पकडीची जागा एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. दोन बाय तीन उंचवट्यांचे कपाट आणि त्यात सरकणारे छोटे खण हेही याच युक्तीचे आहेत. याच्या उलट टोकाला बोटींच्या संचातले वजनाचे ठोकळे येतात. त्यांच्या आत धातू कायमचा बंद केलेला असतो, म्हणजे त्यांत साठवण आहे, पण उघडायची सोय नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सगळा ठोकळाच प्रचंड करणे. रूम कोपनहेगन ही डॅनिश कंपनी लेगोच्या परवान्याने साठवणीचे ठोकळे बनवते. त्यांतला आठ उंचवट्यांचा डबा ५० बाय २५ बाय १८ सेंटीमीटरचा आहे. मूळ ठोकळ्याशी ताडून पाहिले तर हे प्रमाण सुमारे पावणेसोळा पटींचे आहे, आणि उंचवट्यासकट उंचीही जवळपास त्याच प्रमाणात वाढवली आहे, याचे मला कौतुक वाटले. साहित्य मात्र बदलले आहे. खेळण्याचा ठोकळा १९६३ पासून एबीएस या कडक प्लॅस्टिकचा असतो, तर हे डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. पॉलिप्रॉपिलीन थोडे लवचिक आणि डब्यांना योग्य, पण ठोकळ्याची ती टचकन बसणारी पकड त्याला येत नाही. हे डबे एकावर एक नीट रचले जातात, एवढेच. त्यांच्या मोठ्या उंचवट्यांवर खेळण्यातला ठोकळा बसत नाही, म्हणून मुलाच्या दृष्टीने तो खेळाचा भाग न राहता फर्निचर होतो. ही उणीव आयकिया ही फर्निचर कंपनी आणि लेगो यांनी २०२० मध्ये मिळून काढलेल्या ‘बुगलेक’ या पांढऱ्या पेट्यांत भरून काढली आहे. त्यांच्यावर नेहमीच्या मापाचेच उंचवटे आहेत, त्यामुळे झाकणावर घर उभे राहते आणि त्याच घराच्या पोटात उरलेले ठोकळे राहतात.

मला स्वतःला मात्र तिसरा मार्ग सर्वांत पसंत आहे, तो म्हणजे ठोकळ्याच्या आत जागा शोधत न बसता ठोकळ्यांच्या मध्ये जागा बांधणे. सहा बाय आठ उंचवट्यांचा खण घ्यावा आणि त्याला एका उंचवट्याच्या जाडीच्या भिंती द्याव्यात. आत चार बाय सहा उंचवट्यांची, म्हणजे ३२ बाय ४८ मिलिमीटरची सलग जागा मिळते. त्यात २७ मिलिमीटर व्यासाचे दहा रुपयांचे नाणे आडवे राहते, सिमकार्डे राहतात, चष्म्याचे स्क्रू राहतात. खण सरकतो कसा, यात खरी गंमत आहे. प्रत्येक ठोकळा आपल्या जागेपेक्षा प्रत्येक बाजूला एक दशांश मिलिमीटरने लहान बनवलेला असतो. म्हणून सहा उंचवट्यांचा खण ४७.८ मिलिमीटर भरतो, दोन्ही बाजूंच्या भिंतींमधली वाट ४८.२ मिलिमीटर राहते आणि ०.४ मिलिमीटरच्या त्या फरकात खण न अडकता आणि न डगडगता सरकतो. उंचीत अशी सूट दिलेली नसते, त्यामुळे वर एका चपट्या पट्टीएवढी, म्हणजे ३.२ मिलिमीटरची, फट मुद्दाम ठेवावी लागते. खणाखालच्या जमिनीवर आणि खणाच्या भिंतींच्या माथ्यावर उंचवटे नसलेल्या गुळगुळीत फरशा लावाव्यात, नाहीतर खण पहिल्याच उंचवट्याला अडेल. जत्रेत किलोवर मिळणाऱ्या नकली ठोकळ्यांनी हा प्रयोग बहुधा फसतो, कारण त्यांच्या मापांत तेवढी काटेकोरी नसते.

अशा बांधीव साठवणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खेळण्याचे नाहीच. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे गूगल झालेल्या शोधयंत्राचे काम सुरू केले, तेव्हा प्रत्येकी ४ गिगाबाइटच्या दहा हार्ड डिस्क त्यांनी रंगीबेरंगी जोडठोकळ्यांच्या पेटीत बसवल्या होत्या. पेटी स्वस्त पडत होती आणि वाढवायची झाली तर चार ठोकळे जास्त लावले की भागत होते.

लहान वस्तू दडवण्याच्या या खेळात एक गोष्ट मी घरात कडकपणे पाळतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात आणि त्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असे धरतात. लेगोचा दोन बाय चारचा ठोकळा त्यात उभा मावतो, तर लहान मुलांसाठी लेगोनेच काढलेल्या दुप्पट मापाच्या डुप्लोचा सर्वांत नेहमीचा, दोन बाय दोनचा ठोकळा मावत नाही, कारण त्याची बाजूच जवळपास ३२ मिलिमीटर आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पण ते चिन्ह खेळण्यापुरते असते, त्यात आपण काय भरतो त्याची हमी ते देत नाही. घड्याळातले बटण सेल आणि छोटे लोहचुंबक पोटात गेले तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होते, म्हणून या दोन वस्तू कुठल्याही ठोकळ्यात किंवा खणात ठेवायच्या नाहीत. नेलपॉलिश काढायचे द्रावणही नको, कारण त्यातल्या अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळते आणि एकदा भिंत विरघळली की तो खण पुन्हा सरकत नाही.