एका वेफरवर अख्खी मालिका: माझा अनुभव

निकेल-टायटॅनियम-तांबे या त्रिकुटातला, आकार लक्षात ठेवणारा मिश्रधातू मी शोधत होतो. तापताना आणि थंड होताना त्याची रचना वेगवेगळ्या तापमानाला बदलते. ही तफावत जितकी कमी तितका तो जास्त वेळा वापरता येतो. प्रत्येक प्रमाण वेगळं वितळवायचं, कापायचं, घासायचं आणि मग मोजायचं म्हटलं तर वर्षं गेली असती. म्हणून को-स्पटरिंग: आर्गॉन वायूच्या आयनांच्या माऱ्याने अनेक धातूंचे अणू एकाच वेळी उडवायचे आणि वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, त्यांचा थर बसवायचा.

चेंबरमध्ये तीन गन (अणू उडवणारी साधनं) तिरक्या बसवलेल्या, प्रत्येकीवर एका शुद्ध धातूचं टार्गेट, म्हणजे ज्यातून अणू उडतात तो तुकडा. एरवी थर सारखा यावा म्हणून वेफर फिरवतात. इथे तो मुद्दाम स्थिर ठेवायचा. जो भाग ज्या टार्गेटच्या जवळ, तिथे तो धातू जास्त. संशोधक जोसेफ हनाक यांनी 1970 मध्येच ही दिशा दाखवली होती. पुढे 1995 मध्ये शियांग आणि शुल्ट्झ यांच्या गटाने मास्क (ठरावीक भाग झाकणारे पडदे) वापरून 128 नमुन्यांचा संच एकाच तुकड्यावर बनवला, तेव्हा या पद्धतीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

टायटॅनियम ऑक्सिजन लगेच धरतं, त्यामुळे आर्गॉन सोडण्याआधी व्हॅक्यूम चांगला लागेपर्यंत थांबावं लागतं. मग वेफरसमोरचं शटर बंद ठेवून टार्गेटचे पृष्ठभाग साफ करून घ्यायचे. वेफरवर सिलिकॉन ऑक्साइडचा थर हवाच, नाहीतर ॲनीलिंगमध्ये (थर तापवून घेताना) निकेल थेट सिलिकॉनशी संयोग पावतं.

खरं काम मोजणीचं. थर टाकणं एका बैठकीत उरकतं, पण कुठल्या बिंदूवर काय आहे हे कळल्याशिवाय तो वेफर म्हणजे नुसती चकचकीत तबकडी. आधी ईडीएसने (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तंत्राने) प्रत्येक बिंदूचं प्रमाण काढलं. थराची जाडीही जागोजागी वेगळी, त्यामुळे दोन बिंदूंच्या विद्युत रोधाचे आकडे थेट ताडून बघण्यात अर्थ नव्हता. फोर-पॉइंट प्रोबखाली (चार टोकांनी रोध मोजणाऱ्या साधनाखाली) वेफर सावकाश तापवून थंड केला. रचना बदलली की रोधही बदलतो, म्हणून रोध-तापमानाच्या आलेखात वळण कुठल्या तापमानाला येतं तेवढंच पाहिलं. ते ठरवायला जाडी माहीत असावी लागत नाही. तापतानाच्या आणि थंड होतानाच्या रेषांमधला पट्टा तांबं वाढेल तसा अरुंद होत गेला. ते स्क्रीनवर एकेक करून उमटताना पाहणं मला फार आवडलं.

पातळ थर सिलिकॉनला चिकटलेला असल्यामुळे ताणाखाली असतो आणि त्या ताणाने तापमान सरकतं. म्हणून सगळ्यात अरुंद पट्ट्याची प्रमाणं आता आर्क फर्नेसमध्ये (विजेच्या ठिणगीने धातू वितळवणाऱ्या भट्टीत) वितळवून ठोकळ्यात तपासतोय.