भरिताचं पार्सल

आज जळगावात या हंगामातलं पहिलं भरीत पार्सल आणलं. कॉलनीजवळच्या या भरीत सेंटरवरून गेली कित्येक वर्षं आणतोय, आणि मनापासून सांगतो, चव टिकून आहे.

वांगी तीच, बामणोदकडची हिरवी-पांढरट, मोठी, कमी बियांची. जळगावच्या या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. गॅसवर नाही, काट्यांच्या जाळावर भाजतात, म्हणून तो धुराचा वास. मग सोलून लाकडी भांड्यात ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल सढळ हातानं. टोमॅटो नाही! भरितात टोमॅटो मला चालतच नाही.

मधे दोन-एक हंगाम मिरची कमी केली होती, बाहेरगावची गिऱ्हाइकं वाढली म्हणून असेल. सेंटरवरच्या काकूंना बोललो, तर म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला तिखट वेगळं काढून देते." तेव्हापासून देतात.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या एकत्र दळलेल्या पिठाच्या पुऱ्या मात्र पार्सलमध्ये मऊ पडतात. म्हणून आता नुसतं भरीत आणतो आणि कळण्याची भाकरी आई घरी टाकते. जळगावला येणाऱ्यांनी थंडीतच यावं, उन्हाळ्यात ही वांगी तशी मिळत नाहीत.