माळ, गळ आणि वडाळ्याची वाट

आषाढीला पंढरपूर गाठता आलं नाही की मुंबईकर वडाळ्याला जातो. कात्रक रोडवरचं विठ्ठल मंदिर हेच आमचं प्रतिपंढरपूर. तीसेक माणसांची आमची दिंडी सकाळी प्रभादेवीहून निघते. सिद्धिविनायकावरून दादर, टिळक पूल, खोदादाद सर्कल, पारशी कॉलनीतून फाइव्ह गार्डन्स आणि मग मंदिर. अंतर साधारण पाच किलोमीटर. नुसतं चाललं तर सव्वा तास लागतो, टाळ-पावलीसह तीन. २०२५ साली एकादशी ६ जुलैला, रविवारी आली. नानांशिवायची ही पहिली.

दिंडीची सगळी शिस्त नानांनी लावलेली, त्यामुळे पावलोपावली तेच आठवत होते. नव्या चपला घालायच्या नाहीत. कातडी चप्पल पावसात फुगते, अंगठा सुटतो. गुळगुळीत रबरी तळवा ओल्या पेव्हर ब्लॉकवर सरकतो. मागून पट्टा असलेली, महिनाभर वापरलेली सँडल बरी. भिजलेली कातडी मऊ पडते आणि पट्ट्याने घासली की फोड येतो, म्हणून निघण्याआधी टाचेला आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळायचं. मृदंगाच्या दोन्ही तोंडांवर प्लॅस्टिक चढवायचं, वाजवतानाच काढायचं. पावसात डाव्या तोंडाची कणीक वाहून जाते आणि कातडं सैल पडून आवाज बसतो. त्यासाठी मृदंगवाल्याच्या झोळीत डबीभर कणीक जादा असते. टाळांच्या दोरीची आतली गाठ आदल्या रात्री तपासायची. ती झिजली तर वाटी निसटते आणि पुढच्याच्या टाचेवर पडते.

निघायची वेळ ते भरतीचं वेळापत्रक बघून ठरवायचे. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मोठा पाऊस, असं जुळलं की पावसाळी गटारांचं पाणी समुद्रात उतरत नाही आणि सखल रस्ते भरतात. अशा पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही. मग एकेरी रांग, सर्वांत पुढच्याच्या हातात पताकेची काठी, आधी काठीने तळ चाचपायचा, एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. ही रीत त्यांनी नदीत उभं राहून शिकलेली. वाहत्या पाण्यात मासे धरणारा माणूस असाच चालतो, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवून.

नानांना फ्लाय फिशिंगचं वेड होतं. गळाला गांडूळ लावून बसण्यापेक्षा हे वेगळं. साध्या गळात शिशाचं वजन फेकतात, ते दोरी ओढत नेतं. इथे माशीला, म्हणजे गळावर पिसं आणि धागा बांधून केलेल्या नकली किड्याला, वजन जवळजवळ नसतंच, दोरीच जाड आणि जड असते. ती हवेत उलगडते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद ठेवते. त्यांची गळाची काठी नऊ फुटी, चार तुकड्यांची, म्हणजे लोकलमध्ये सहज मावणारी. दोरीपुढे नऊ फुटांचा निमुळता नायलॉन.

फेक त्यांनी शिवाजी पार्कच्या गवतावर घटवली, टोकाला माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. रविवारी सकाळी त्यांची मुलगी आणि चाळीतली पोरं सोबत असायची. काठी घड्याळाच्या दहा आणि दोन या आकड्यांमध्ये हलवायची, दोन्ही टोकांना झटकन थांबवायची. नवशिका चुकतो तो मागे. दोरी पाठीमागे पूर्ण उलगडायच्या आत तो काठी पुढे आणतो, मग चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. ‘‘मागे बघ, सरळ होऊ दे, मग पुढे,’’ एवढंच नाना म्हणायचे. पावलीतही मागची ओळ घाईने पुढे आली की टाळ चुकतात आणि पुढच्याची टाच तुडवली जाते. खोदादाद सर्कलला यंदा तसंच झालं. नाना असते तर हात वर करून त्यांनी अख्खी दिंडी दोन श्वास थांबवली असती.

माश्या ते घरी बांधायचे. जेवणं आटोपली की त्याच टेबलावर गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा. चौदा नंबरचा गळ, रेशमी धागा, अंगाला गळून पडलेल्या मोरपिसाचे दोन-तीन तंतू, मानेशी कोंबड्याच्या पिसाचे तीन-चार वेढे. बहुतेकांची माशी गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे नायलॉन ओवायच्या भोकापाशी बिघडते. धागा पुढे पुढे जात गळाचा डोळा बुजवतो आणि नदीवर नायलॉन ओवता येत नाही. म्हणून डोळ्याएवढी जागा मागे मोकळी सोडायची. नायलॉन डोळ्यातून काढून स्वतःभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत, आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

वर्षातला एक आठवडा हिमाचलातल्या तीर्थन नदीचा, तोही वहिनी आणि मुलीला घेऊनच. तिथल्या ट्राउट माशासाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. धरलेला मासा ते सोडून द्यायचे. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबलेला. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निसटेपर्यंत नुसता आधार द्यायचा. मागेपुढे हलवायचा नाही.

पुढे त्यांनी तुळशीची माळ घातली. मासे खाणं त्या दिवशी सुटलं. पण माळ घालून गळ टाकतोस, असं दिंडीतल्या जुन्या माळकऱ्यांनी त्यांना तोंडावर विचारलं. मला तो प्रश्न आजही रास्त वाटतो. सोडून दिला तरी गळ माशाच्या तोंडात रुततोच. नानांनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेपासून ते गळ वाकणापाशी कापून नेऊ लागले. बिनगळाची माशी पाण्यावर ठेवायची. ट्राउट खालून वर येतो, तोंड उघडून ती घेतो, टाकतो आणि परत तळाशी जातो. ते बघायला मुंबईहून एवढ्या लांब जायचं. वेडच म्हणायचं, पण ज्याने ते पाणी असं फुटताना पाहिलंय त्याला पटेल.

फाइव्ह गार्डन्सला राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि मीठ-साखरेचं पाणी झालं. उपासाच्या दिवशी नुसतं पाणी पीत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून मीठ. मंदिराच्या रांगेत यंदा पुष्कळ उभं राहावं लागलं. वहिनींच्या डोक्यावर तुळस होती, मुलीच्या हातात नानांचे टाळ. आत पोचल्यावर वहिनी तिला हळूच म्हणाल्या, ‘‘कान बघ देवाचे.’’ विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडलं, म्हणजे मासेच. नाना दरवर्षी तिला तेच दाखवायचे.

बाहेर आल्यावर तिने टाळ कोरड्या पंच्याने पुसले, दोरी सोडवून वेगळी वाळत टाकली. ओले टाळ पिशवीत ठेवले तर हिरवे पडतात, आणि ओली दोरी गाठीपाशी कुजते. नदीवरून आल्यावर नाना काठीचे चारही तुकडे असेच पुसून, पंख्याखाली रात्रभर उघडे ठेवायचे.