कंसातली चाल

लेक बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळायला लागली तसं घरात स्कोअरशीटच्या, म्हणजे डावातल्या चाली लिहायच्या कागदाच्या, कार्बन प्रतींचं बाड साठू लागलं. वरची प्रत आयोजकांकडे जाते, खालची फिकट आपल्या वाट्याला येते. तिच्या बुद्धिबळाच्या सरांनी एकदा सांगितलं, "ताई, डाव पीजीएनमध्ये टाकून पाठवत जा. आणि तिच्या डोक्यात दुसरी कुठली लाइन होती, तीही व्हेरिएशन म्हणून घाला." मला बुद्धिबळ येतं ते चाली कळण्यापुरतं. पण ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशकात राहून मूल बुद्धिबळ खेळत असेल तर आईबापाला एवढं करावंच लागतं.

आधी पीजीएन म्हणजे काय ते समजून घेतलं. ती डाव लिहून ठेवायची फाइल, नोटपॅडमध्ये उघडेल असा साधा मजकूर असतो. वर चौकोनी कंसांत स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल, हे सात रकाने. खाली चाली. व्हेरिएशन, म्हणजे पर्यायी चाली, गोल कंसात, शेरा महिरपी कंसात. चालीपुढचं उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह फाइलमध्ये बऱ्याचदा डॉलर आणि आकडा असं असतं: डॉलर १ म्हणजे चांगली चाल, डॉलर २ म्हणजे चूक, डॉलर ४ म्हणजे घोडचूक. ठळक अक्षर, रंग, मोहऱ्यांची चित्रं यातलं फाइलमध्ये काहीही नसतं. ते ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरनं आपल्या मर्जीनं दाखवायचं. माझी पुढची सगळी धावपळ यातूनच उभी राहिली.

चाली भरायचं काम लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर केलं. फुकट आहे, आणि तिथल्या 'स्टडी'त प्रत्येक डावाला वेगळा चॅप्टर करता येतो. खरा वेळ जातो तो शीट वाचण्यात. एका डावात तिनं नुसतं 'घोडा डी७', म्हणजे घोडा डी७ या घरात, एवढंच लिहिलं होतं, आणि काळ्याचे दोन्ही घोडे, बी८ वरचा आणि एफ६ वरचा, तिथं जाऊ शकत होते. अशा वेळी कुठला घोडा तेही लिहायचं असतं, पण घड्याळ पळत असताना पोरं कुठली लिहितात! तिला विचारलं तर, "आई, मला आता काय आठवणार?" मग शीटवर खाली सरकत गेले. पुढे काही चालींनी घोड्यानं ई४ वरचं प्यादं मारलं होतं. ते एफ६ वरूनच मारता येत होतं, म्हणजे डी७ वर गेला तो बी८ चा. असे गुंते सोडवायला मला चक्क मजा यायला लागली.

व्हेरिएशन घालणं त्यामानानं सोपं. डाव्या बाणानं हवं तिथं मागं जायचं आणि पटावर वेगळी चाल करायची, की आपोआप फाटा फुटतो. राइट क्लिक केलं की तो फाटा वर चढवता येतो, मेन लाइन (डावाचा मुख्य क्रम) करता येतो किंवा तिथून पुढचं उडवता येतं. मुळात तिथं पांढऱ्या-काळ्याच्या चाली दोन रकान्यांत दिसतात आणि फाटे मध्ये घुसतात. त्यानं मेन लाइनचे तुकडे पडतात. मेनूतून सगळं सलग ओळीत करून घेतलं, ते डोळ्यांना बरं वाटलं. इंजिनचे, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामचे, शेरे मात्र बंद ठेवले. तिला काय सुचलं होतं ते हवं होतं, स्टॉकफिश नावाच्या त्या इंजिनला काय सुचतं ते नाही.

फाइल सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. उत्तर आलं, "व्हेरिएशन घातलीच नाहीत का?" घातली होती. त्यांच्या फोनवरचं अ‍ॅप फाटे घडी करून ठेवत होतं, चालीशेजारच्या बारीक खुणेवर टिचकी मारली तरच ते उलगडत. तेवढं फोनवर सांगून भागलं.

खरी परीक्षा अण्णांची. सासरे पंचवटीत राहतात आणि स्क्रीनवर डाव बघणं त्यांना मंजूर नाही. लाकडी पट मांडून, कागद समोर ठेवून ते एकेक चाल खेळतात. त्यांच्यासाठी प्रिंट काढायला गेले तर झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर मोहऱ्यांच्या चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या. तो फॉन्ट त्याच्याकडे नव्हता. घरून पीडीएफ करून नेली, प्रिंट नीट निघाली.

संध्याकाळी अण्णांचा फोन. "अगं, पांढऱ्यानं लागोपाठ दोन चाली कशा केल्या?"

कागदावर असं होतं: बारावी चाल उंट डी३, लगेच कंसात पुन्हा बारावी चाल उंट ई२, त्यावर काळ्याचं उत्तर, पुढे पांढऱ्याचं कॅसलिंग, कंस बंद, आणि मग तीन टिंबं देऊन काळ्याची खरी बारावी चाल. कंसातली चाल आधीच्या चालीनंतरची नसते, तिच्याऐवजीची असते. म्हणून आधी डी३ वरचा उंट परत घ्यायचा, कंस संपला की सगळं मागं आणून उंट पुन्हा डी३ वर ठेवायचा. गंमत अशी की डी३ वरून उंट ई२ वर जाऊ शकतोच. त्यामुळे कंस संपेपर्यंत अण्णांच्या पटावरची मांडणी बरोबरच होती. घोटाळा झाला तो कंस संपल्यावर. स्क्रीनवर हे कधी जाणवतच नाही, कारण चालीवर क्लिक केलं की पट आपोआप त्या जागी येतो. लाकडी पटाला ती सोय नाही.

मग अण्णांची प्रत वेगळी केली. मेन लाइन ठळक. प्रत्येक व्हेरिएशन नव्या ओळीवर, आत सरकवून, बारीक अक्षरात. जिथं फाटा फुटतो तिथं पटाची आकृती. कंसातला कंस आला तर तो सरळ काढून टाकला. ऑनलाइन डाव उतरवताना चालीगणिक घड्याळाची वेळ येते, तीही डाउनलोड करतानाच वगळली. कागद वाढले, पण फोन थांबले. सरांनी विदितचा टोरोंटोचा, २०२४ च्या कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेतला अमेरिकेच्या नाकामुराविरुद्धचा दुसऱ्या फेरीचा डाव पाठवला होता, काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला. तोही अण्णांना याच पद्धतीनं छापून दिला. एच३ वर उंटाचा बळी देण्याच्या चालीपाशी ते बराच वेळ अडून बसले होते म्हणे.

परवा लेकीच्या एका डावाची प्रत त्यांच्याकडून परत आली, समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या लाइनसकट. मी ती व्हेरिएशन म्हणून भरली, शेऱ्यात 'अण्णा' लिहिलं आणि फाइल सरांना धाडली. सरांनी अण्णांच्या लाइनमधल्या पहिल्याच चालीपुढे प्रश्नचिन्ह टाकून ती परत पाठवली. अण्णांना ते मान्य नाही.